आंजीच्या कॅसेटमधली खरखर

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

हेडफोन आला एकदाचा! कुरिअरवाल्याने खोका ओट्यावर असा आपटला की तोंडात शिवी आलीच होती, पण मागे बाबा उभे होते म्हणून गिळली. खोक्यात खोका, त्याच्यात फोम, फोममध्ये ते ध्यान. लाकडी कड, मऊ गाद्या, आणि पाठीला नुसती जाळी. उघड्या पाठीचा म्हणतात याला. वाट्या बंद नसतात, त्यामुळे बाहेरचं आत येतं आणि आतलं बाहेर जातं. पण आवाज डोक्यात कोंडत नाही, खोलीत पसरल्यासारखा वाटतो. स्टुडिओच्या शांततेत बसणाऱ्यांसाठी ठीक. वर्ध्यात, शेजारी पिठाची गिरणी असताना असला हेडफोन घ्यायचा म्हणजे निव्वळ माज, असं अंकुशने पुण्याहून फोनवर ऐकवलं. नवऱ्याला काय जातंय बोलायला. जुनी रेकॉर्डिंग साफ करण्यावर माझं पोट आहे आणि माझी हत्यारं म्हणजे माझे कान.

बाबांनी किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. ती ऐकूनही म्हणाले, "एवढ्यात तं फ्रिज येते वं."

पहिलं गाणं लावलं. बाईने तान घेण्याआधी मान वळवून श्वास घेतला, तो वळलेला श्वाससुद्धा कळत होता. बाबांनाही लावून दिला. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ते ओट्यावरच्या खुर्चीत बसून असतात, त्यासाठीच तर मी पुण्याहून इथे आले. दोन्ही हातांनी वाट्या धरून खूप वेळ ऐकत होते.

"बारीकसारीक सारं आयकू येते का याच्यात?"

"सगळं बाबा. मुंगी चालली तरी."

जेवण झाल्यावर आतून एक कॅसेट आणून माझ्या टेबलावर ठेवली. आंजी गावची भुलाबाई, पोरी सणाला गातात ती गाणी. माझ्या आजोळी, मी पाच वर्षांची असताना, त्यांनी स्वतः टेप केलेली. म्हणाले, "आवाज बसला याचा. तुह्या यंत्रात पाह्य."

इतकी वर्षं कधी दाखवली नव्हती मला.

१० सप्टेंबर

आज कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घेतली. ती चालू असतानाच मुकेशसरांचा फोन आला, मी जिथून कामं घेते त्या पुण्याच्या स्टुडिओतून, म्हणून बराच वेळ ऐकलीच नाही. शेवटी शेवटी आवाजाची पातळी बघायला हेडफोन लावला, आणि दचकून मागे वळले. कोणीतरी अगदी मानेशी वाकल्यासारखं वाटलं. हेडफोन काढून "बाबा?" म्हणून हाक मारली. बाबा बाहेर ओट्यावर, पाठमोरे. घरात दुसरं कोणी नाही. उघड्या पाठीचा हाच तर ताप. वाऱ्याने पडदा हलला असेल, त्याची फडफड आत आली.

हे सगळं होईपर्यंत डेकने कॅसेट खाल्ली. पट्टी बाहेर आली, गुंतली आणि कचकन तुटली. देवा रे! पण तोवर सगळं उतरलं होतं. फाईल शाबूत आहे.

बाबांना सांगितलं तर ते तुटलेली पट्टी हातात घेऊन बसले. "तुटली," एवढंच. मी म्हटलं, अहो फाईल आहे ना, आता ती कधी तुटत नाही, झिजत नाही. त्यांनी मान हलवली, पण पट्टी बोटांना गुंडाळत राहिले.

१४ सप्टेंबर, रविवार

काम फक्कड झालंय. स्वतःचीच पाठ थोपटते.

खरखर फार होती. स्वस्त कॅसेट, साधा टेपरेकॉर्डर, त्यातला तो टिकलीएवढा माइक. गाण्यांवर सतत एक 'सूं'. कुकर शिट्टी होण्याआधी करतो तसा. यावर उपाय सोपा असतो. कोणी गात नाही अशा जागेवरचा नुसता सूं कॉम्प्युटरला ऐकवायचा आणि सांगायचं, असं जे जे दिसेल ते काढ. तो काढतो. मग बारीक टकटक, खणखण होती, तीही काढली. आता पोरी गातात तेव्हा फक्त पोरी. थांबल्या की काळीभोर शांतता. या हेडफोनमध्ये तर आंघोळ करून आल्यासारख्या वाटतात.

मुकेशसरांचा एक नियम आहे. काम देण्याआधी आपण काढलेला कचरा एकदा ऐकायचा, त्यात चांगलं काही गेलं नाही ना म्हणून. घरच्या केरासारखं, म्हणतात ते, केर फेकण्याआधी अंगठी बघा. आज कंटाळा केला. घरचीच तर कॅसेट आहे, कोण बिल मागतंय.

संध्याकाळी बाबांना ऐकवलं. मला वाटलं खूश होतील. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळाला आठ्या घालून.

"ह्या पोट्ट्या कुठं गाऊन राह्यल्या?"

"आंजीलाच की."

"घरात तं नाई वाटत." मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "थे नाई याच्यात."

"कोण नाही?"

खुर्चीचा हात चोळत बसले.

१५ सप्टेंबर

सकाळी चहाच्या वेळी आपणहून बोलले. "तुही माय हाय त्याच्यात."

माझा कप हातातच राहिला. आई मी सहा वर्षांची असताना कावीळ होऊन गेली. एक लग्नातला फोटो आहे, एक रेशनकार्डावरचा. आवाज कुठेच नाही. आईचा आवाज कसा होता ते मला आठवत नाही, हे मी अंकुशला सोडून कोणाला सांगितलेलं नाही. आणि हे आज सांगतात!

"गात होती का ती?"

"नाई. थे डबा हालवे."

भुलाबाईत गाणी झाली की खाऊ ओळखायचा असतो. घरची बाई झाकणाचा डबा हलवते, पोरी आवाजावरून सांगतात, फुटाणे, मुरमुरे, खारका. ओळखू आलं नाही की हरल्या. आंजीला आमच्याकडे हे आईचं काम. भुलाबाईच्या महिन्यात ती मला घेऊन माहेरी जायची आणि बाबा सुटीच्या दिवशी वीज मंडळाच्या ऑफिसातून सायकल काढून टेपरेकॉर्डर घेऊन यायचे.

"शेवटी शेवटी हाय," बाबा म्हणाले. "पोट्ट्या कल्ला करते ना, त्याच्या आंधी. बोलते थे."

अंघोळ न करताच टेबलाशी बसले. साफ केलेल्या फाईलचा शेवटचा भाग कितीदा ऐकला असेल; मूळ फाईलमध्ये खरखरीशिवाय जास्तीचं काय असणार. गाणं संपतं. शांतता. मग पोरी एकदम ओरडतात, खोबरं, लाडू, बत्तासे. पुन्हा शांतता. मग फाईल संपते. कोणी बोलत नाही. डब्याचा आवाजही नाही.

आईला शोधत होते मी. नाही ती. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मोठं करून आयक." मोठं केलं. शांतता मोठी केली तरी शांतताच राहते.

१९ सप्टेंबर

लिहू की नको. हसू येईल नंतर वाचताना.

टेबल फिरवून पाठ भिंतीला लावली आहे आता. हेडफोन घातला की मागे कोणीतरी आहे असं वाटतं. दुसऱ्या कामात नाही वाटत, याच फाईलच्या वेळी, तेही त्या शांततेच्या जागी. खोलीत माणूस असल्याशिवाय इतकं गप्प असू शकत नाही कोणी, असं काहीतरी. पुण्यात असल्या विचारांवर आम्ही चहा पिता पिता हसलो असतो.

बाबा मात्र घाबरवतात. दुपारी ओट्यावर एकटेच म्हणत होते, "हो, सांगतलं मी तिले." कोणाला म्हणालात विचारलं तर, "कोणाले नाई." कुकर मागे शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, डाळ करपेपर्यंत. स्वयंपाकघर ओट्याला लागूनच असूनही त्यांनी गॅस बंद केला नाही. मोबाईल वाजतो तो घेत नाहीत. अंकुश म्हणतो, विसरायला लागले असतील, नागपूरला डॉक्टरला दाखव. त्याला म्हटलं गप बस. पण मनातून धसका घेतलाय.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज फार बोलले. बोलायला नको होतं की बोलायलाच हवं होतं, कळत नाही.

ते पुन्हा "थोडं मोठं कर वं" घेऊन बसले. डोळे मिटून, वाट्या कानावर दाबून, गाद्या चपट्या होईस्तोवर. सकाळपासून तेच. गोळ्या घेतल्या नाहीत, चालायचा व्यायाम नाही. मी शेवटी हेडफोन काढून घेतला.

"बाबा, नाही ती यात. मी ऐकलंय."

"हाय. मी वर्षानुवर्षं आयकली. तू शाळेत गेली का लावत जाऊ."

"मग आता का नाही येत?"

"थेच तं मले समजून नाई राह्यलं."

"कारण ती नव्हतीच! तुम्हाला ती हवी होती म्हणून ऐकू यायची. खरखरीत माणसाला काहीही ऐकू येतं, पंख्यातसुद्धा हाका ऐकू येतात. माझं कामच आहे हे बाबा, लोक पैसे देतात माझ्या कानांचे. माझ्यावर तरी विश्वास ठेवा."

चिडले असते तर बरं झालं असतं. "तू शिकेल हायस," म्हणाले. "तुले आयकू येत नाई म्हणतं, तं नसन मंग. मलेच वाटत असन इतके वर्षं."

आणि उठून, भिंत धरत धरत आत गेले.

२५ सप्टेंबर

बाबांनी हट्ट सोडला. बरं झालं. कॅसेटचं नाव नाही तीन दिवसांत. जुना टेपरेकॉर्डर होता माळ्यावर, तो आज भंगारवाल्याला देऊन टाकला, माझ्यासमोर. मी म्हटलं राहू द्या की, तर म्हणाले, "काय कराचं ठेवून."

आता एकटं बोलणंही नाही. जेवण कमी झालंय, अर्धी पोळी. नव्या गोळीने भूक मरते असं फार्मसीवाला म्हणाला. संध्याकाळी ओट्यावर न बसता आतच भिंतीकडे तोंड करून पडतात. विश्रांती हवीच होती गुडघ्याला.

घर कसं स्वच्छ वाटायला हवं. तसं वाटत नाही. माझ्या त्या फाईलसारखं झालंय, कोणी बोललं की आवाज आणि थांबलं की काहीच नाही. आज मीच मुद्दाम भांडी आपटत होते.

२ ऑक्टोबर, दसरा

आंजीहून धुरपता मावशी आली सोनं द्यायला. आईची शेजारीण, आईपेक्षा बरीच लहान. भुलाबाईच्या वेळी ती पोरींची म्होरकी होती, त्या कॅसेटमध्ये सगळ्यात उंच आवाज तिचा. आता केस पांढरे, पण आवाज तसाच चढा. आल्या आल्या ओरडली, "भाऊजी! काऊन असे वाळले तुम्ही? पोट्टी जेवाले नाई देत का?"

बाबा हसले. कितीतरी दिवसांनी.

चहाच्या वेळी तिला हेडफोन लावून दिला. स्वतःचा पोरपणाचा आवाज ऐकून आधी "अवं माय!" म्हणून किंचाळली, मग पदर डोळ्याला लावला. पण ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला.

"गुलाबताईच्या बांगड्या कुठं गेल्या?"

"कसल्या बांगड्या?"

"अवं, तुही माय हातभर काचेच्या बांगड्या घाले. डबा हालवला का डब्याचा नाई, बांगड्यांचाच आवाज ये. थे लय चतुर. वाजन असं काही डब्यात ठेवेच नाई, फडक्यात गुंडाळून ठेवे. आमी आपल्या बांगड्या आयकून खारका, फुटाणे म्हणत बसो अन् हरो." ती हसायला लागली. "फक्त तुले माहीत राहे. तू मायच्या मागं मागं चुलीपाशी. अन् टेप करते वक्ती एकदम त्या टेपाले चिकटून बसली होती, तोंडात बोट घालून. मायले धाकच होता का आता हे पोट्टी बोलते."

टकटक, खणखण. मीच काढली ती. आपल्या हाताने.

बाबा आत निघून गेले होते. मावशीने जाताना सोन्याची पानं त्यांच्या उशाशी ठेवली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आत बसले. खिडक्या लावल्या. कामाच्या पडद्यावर एक बटण असतं, काढलेलं तेवढंच ऐका. १४ तारखेलाच दाबायला हवं होतं, ते आज दाबलं.

आधी नुसता सूं. मग त्या सूंमध्ये हळूहळू आजीचं घर दिसायला लागलं. दिसायलाच म्हणते मी. गोठ्यात घंटी हलली. कोणीतरी खोकलं. चुलीत काडी मोडली. दाराची कडी. मी त्या सगळ्यांना कचरा म्हणून काढलं होतं. पोरी आता उलट भुतांसारख्या, खूप लांब, नुसत्या स-श करणाऱ्या. आणि बांगड्या. खळखळ खळखळ, थांबून पुन्हा खळखळ, जवळ येत येत. डबा हलतोय पण वाजत नाही.

मग पोरींच्या कल्ल्याआधी, बरोबर बाबा सांगत होते तिथेच, कोणीतरी खाली वाकलं. कपड्याचा सळ असा आवाज माइकला घासून गेला. आणि माझ्या कानात, कानाच्याही आत, नुसत्या श्वासाने:

"सांगू नको वं कोणाले."

आणि नाकातल्या नाकात हसली.

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. पहिल्या दिवशी मी वळले होते ते याच जागी. पडद्याची फडफड म्हणे! ऐकलं होतं मी, माझ्या कानांनी आधीच ऐकलं होतं तिला, आणि मग बसून, नीट, दोन दिवस लावून पुसलं. कुजबुजीत गळा नसतो, नुसती हवा असते. कॉम्प्युटरला ती हवा आणि टेपची खरखर एकच. त्याला काय कळणार? मला कळायला हवं होतं.

हेडफोन कानावर तसाच ठेवून टेबलावर डोकं टेकून रडले. ती माझ्याशी बोलली. बाकी कोणाशी नाही, माझ्याशी. आवाज कसा होता ते अजूनही मला माहीत नाही, पण तिचा श्वास कानाला लागला.

धावत बाबांकडे गेले. "बाबा, आहे ती! तुमचं बरोबर होतं. मीच काढून टाकली होती, चुकून. मूळ फाईलमध्ये आहे."

त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. माझ्याकडे असं बघितलं, की ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. केविलवाणं, समजूतदार.

"राहू दे, काजल. मले बरं वाटाव म्हणून नको म्हणू असं."

४ ऑक्टोबर

मूळ फाईल लावून दिली. त्यांनी माझ्या हट्टासाठी ऐकली. "पोट्ट्या आयकू येते. मंग काहीच नाई."

कुजबूज वर काढली, खरखरीसकट. इतकी, की हेडफोनच्या जाळीतून बाहेर मला उभ्या जागी ऐकू येत होती. त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. "आता सूं ऐकू येतोय ना?" विचारलं. "कोणता सूं?"

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मोबाईलवर बारीक शिट्टीसारखे सूर लावून बघितले, जाड सुरांपासून वर वर जात. जाड सगळे ऐकू आले. वरचे एकही नाही. कुकर, मोबाईलची रिंग, सगळं तेच. डोकं ठणठणीत आहे त्यांचं. कानाचा वरचा मजला तेवढा रिकामा झालाय. कुजबूज सगळी त्याच मजल्यावर असते. कॅसेटचा आवाज बसलाच नव्हता कधी.

म्हणून तो हेडफोन बघून कॅसेट काढली त्यांनी. मुंगी चालली तरी ऐकू येतं म्हणाले होते ना मी.

आणि मग मी, पैसे घेऊन ऐकणारी, त्यांना सांगून बसले की ती नव्हतीच. कानाने गेली होती ती, मी मनातूनही काढली. किती दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते ते, आणि मी लिहिलंय वर, बरं झालं. फाडून टाकावंसं वाटतंय ते पान. नाही फाडत.

५ ऑक्टोबर

मुकेशसरांना विचारलं. ते म्हणाले, सूर खाली उतरवता येईल, पण मग ती बाई राहणार नाही, बैलगाडीच्या चाकासारखं काहीतरी ऐकू येईल. करून पाहिलं. तसंच झालं. लगेच पुसलं. बाबांना ते ऐकवणार नाही.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

दिवेलागणीला दूध आटवायला ठेवलं आणि बाबांना म्हटलं, एकदाच, शेवटचं. नंतर कधी म्हणणार नाही.

"तुले समाधान वाटन तं लाव."

ओट्यावरच बसलो समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. हेडफोन त्यांच्या डोक्यावर नीट बसवला, चष्म्याची काडी गादीखाली दबत होती ती मोकळी केली. शेवटचं गाणं लावलं. उघड्या पाठीतून आतलं सगळं बारीक बारीक बाहेर येत होतं, मलाही ऐकू येत होतं. गाणं संपलं. बांगड्या खळखळल्या. बाबा डोळे मिटणार होते. "मिटू नका," मी हाताने खूण केली. का केली, ठरवून नव्हती केली.

कपडा सळसळला, आणि माझे ओठ आपोआप हलले. आवाज न करता. सांगू नको वं कोणाले. नंतर हसू आलं तेही नाकातलं.

बाबांचा हात वर आला. माझ्या हनुवटीखाली बोटं धरून त्यांनी माझं तोंड उजेडाकडे केलं आणि किती तरी वेळ बघत राहिले.

"हो," म्हणाले. "असंच म्हणे थे."

"ऐकू आलं बाबा?"

"आलं ना वं. तिचाच आवाज." रडत होते, आणि हसतही होते. "पुन्यांदा लाव."

पुन्हा लावलं. पुन्हा पुन्हा लावलं. दर वेळी ते डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते, पडद्याकडे नाही, इकडेतिकडे नाही. दर वेळी मी ओठ हलवले.

आत दूध उतू गेलं, गॅसवर मोठ्याने चरचरलं. मीच धावले. बाबांनी मानही वळवली नाही. शेवटी दोघांनी उरलेलं दूध प्यायलं आणि त्यांनी पेल्यातली साय मला दिली, लहानपणी द्यायचे तशी.

ऐकू आलं म्हणतात. आलं असेल. मी आता त्यांच्या कानांबद्दल काही बोलणार नाही.

७ ऑक्टोबर

बाबा पूर्ण पोळी जेवले. दुपारी ओट्यावरून आवाज आला, "हो वं, हो, नाई सांगत." कोणाशी बोलता, मी विचारलं नाही.

मला मात्र ती सगळीकडे ऐकू यायला लागली आहे. कुकरचा सूं सुरू झाला की हात थांबतो. केरसुणीत येते. अंकुश फोनवर बोलता बोलता थांबला की त्या मधल्या खरखरीत कोणीतरी वाकून श्वास घेतं. भीती वाटते. थांबू नये असंही वाटतं. टेबल पुन्हा पूर्वीसारखं फिरवलं, पाठ मोकळी ठेवून.

साफ केलेली फाईल पुसून टाकली. आता आंजी खरखरीसकट आहे, गोठ्यासकट, बांगड्यांसकट.

संध्याकाळी धुरपता मावशीचा फोन आला. सगळं सांगितलं तर रडली, मग तिची नेहमीची भुणभुण सुरू. "पण त्या दिशी डब्यात काय होतं वं? कोणाच्यानं ओळखलं गेलं नाई अन् तुह्या बापाची टेप तं पह्यलेच संपली. खाल्लं असन आमी, पण इतक्या वर्षांनी कोणाले आठवते. तुले आठवते काय?"

काल दूध उतू गेलं, तेव्हाच मला आठवलं होतं. चुलीपुढचा उजेड, ओलं फडकं, तिच्या बोटांना लागलेलं, आणि ती बोटं माझ्या तोंडात. चवीसकट आठवलं.

मावशीला म्हटलं, नाही गं, काहीच नाही आठवत. आणि इथेही लिहीत नाही. तिने सांगितलंय.